एक बाजू चपलेची, एक बाजू क्लीटची

रिकामं पायडल कसं लटकतं, तिथून सुरुवात करू. सायकल स्टँडला लावावी, पायडल बोटाने गरकन फिरवावं, सोडून द्यावं आणि ते कुठे थांबतं ते पाहावं. साध्या रबरी पायडलमध्ये असं पाहण्यासारखं काही नसतं. त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. कुठलीही वर आली तरी पाय टेकवायचा आणि निघायचं. दुहेरी पायडलच्या दोन बाजू मात्र दोन वेगळ्या पादत्राणांसाठी असतात. एकीकडे सपाट बैठक, ऑफिसच्या बुटाला किंवा चपलेला टेकायला. दुसरीकडे स्प्रिंगवर चालणारा जबडा, तळाला क्लीट, म्हणजे जबड्यात अडकणारी पट्टी, लावलेला सायकलिंगचा बूट पकडायला. दोन्हीकडचं वजन सारखं नसल्यामुळे सोडलेलं पायडल क्षणभर डुलतं, जड भाग खाली घेतं आणि एका ठरलेल्या कोनात स्थिरावतं. पुन्हा फिरवा, ते पुन्हा तिथेच येतं.

माझ्या मते या वस्तूची निम्मी कारागिरी या थांबण्यात आहे. सिग्नल सुटतो, नजर पुढच्या बसवर असते आणि हवी ती बाजू पायाला न बघता शोधायची असते. पायडल दर वेळी एकाच कोनात थांबत असेल तर पायाला ते लवकर पाठ होतं. पुढची कड बोटांनी जराशी ढकलली की एक बाजू मिळते, पाय किंचित मागे ओढत टेकवला की दुसरी. कुठल्या हालचालीने कुठली बाजू वर येते हे जोडीजोडीवर अवलंबून आहे. पण दर वेळी त्याच हालचालीने तीच बाजू वर यायला हवी. ज्या पायडलचं सील फार घट्ट असतं किंवा छर्रे जाम झालेले असतात, ते सोडाल तिथेच अडकून राहतं आणि पायाला चाचपडायला लावतं. नव्या जोडीत थोडे दिवस असं होतंच. ग्रीस आत पसरलं की ती मोकळी होते. महिना उलटला तरी जी मोकळी होत नाही, तिचे बाकीचे गुण मला सांगू नयेत.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर शिमानोच्या दोन जोड्या आहेत: जुनी पीडी-एम३२४ आणि अलीकडची पीडी-ईएच५००. दोन्हींची कल्पना एकच, एका बाजूला सपाट आणि एका बाजूला शिमानोच्या एसपीडी पद्धतीच्या क्लीटची सोय. एम३२४ दणकट आणि जड आहे. सपाट बाजूला दाते असलेला धातूचा पिंजरा, आणि जोडीचं वजन सुमारे ५३३ ग्रॅम. ईएच५०० अधिक रुंद आणि नेटकी, जोडी सुमारे ३८३ ग्रॅमची. दीडशे ग्रॅमचा हा फरक कामावर जाणाऱ्याला जाणवत नाही आणि त्यासाठी कुणी जादा पैसे मोजू नयेत. जाणवतो तो बैठकीचा फरक. त्याकडे पुढे येतो.

आधी हे पायडल कुणासाठी आहे ते पाहू. पुण्यात, नाशकात, ठाण्यात आता असे बरेच सायकलवाले दिसतात, जे सोमवार ते शुक्रवार त्याच सायकलवरून कामाला जातात आणि रविवारी तिच्यावरच सिंहगडाच्या पायथ्याला किंवा कात्रजचा घाट चढायला निघतात. काहींना ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठण्याच्या सफरींचा, नाद लागतो: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. एवढा वेळ पाय एकाच लयीत फिरवायचा असेल तर पायडलवरची त्याची जागा पक्की असावी असं वाटू लागतं, आणि क्लीटचे बूट घरात येतात. पण सोमवारी ऑफिसचे बूट घालायचे असतात. संध्याकाळी कोपऱ्यावरून दूध आणायचं असतं, तेही चपलेत. घरात दोन सायकली ठेवायला जागा नसते, आणि रविवारी रात्री पाना घेऊन पायडलं बदलत बसणं दोन आठवड्यांत बंद पडतं. दुहेरी पायडल या माणसाच्या आठवड्याकडे पाहून बनवलेलं आहे. त्याच्या पायात आज काय आहे, हे ते विचारत नाही.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींची रबरी पायडलंही हेच करत. दूधवाला, पोस्टमन, गिरणी कामगार, शाळामास्तर सगळे त्याच दोन रबरी ठोकळ्यांवर पाय ठेवत. कुणाच्या पायात कोल्हापुरी, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणी अनवाणी. मुलं नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत, तेव्हा तळव्याचा मिळेल तो भाग त्या रबरावर टेकलेला असे. त्या पायडलला पाय नेमका कुठे ठेवायचा याचा आग्रह नव्हता. बहुतेकजण तळव्याचा मध्यभागच टेकवत, आणि शांतपणे मैलोगणती जात. सपाट बैठकीचा हा मोकळेपणा लक्षात ठेवावा, कारण दुहेरी पायडलची एक बाजू थेट त्याच घराण्यातली आहे.

दुसऱ्या बाजूचं घराणं शर्यतीचं. पाय पायडलवरून सटकू नये म्हणून शर्यतवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टो क्लिप वापरत: बोटांपुढे धातूची चौकट, तिच्यातून ओवलेला चामडी पट्टा. पट्टा आवळला की पाय घट्ट राही, पण सोडवायचा तर खाली वाकून हाताने सैल करावा लागे. १९८४ साली फ्रान्सच्या लुक कंपनीने यावर उत्तर आणलं. लुक मूळची बर्फावर घसरण्याच्या स्कीचे बंध बनवणारी. पडताना पाय आपोआप सुटला नाही तर हाड मोडतं, हे तिला तिच्या धंद्यातून ठाऊक होतं. तोच विचार तिने पायडलमध्ये आणला. बुटाच्या तळाला पट्टी, पायडलवर स्प्रिंगचा जबडा, आणि टाच बाहेर वळवली की सुटका. १९८५ साली सायकलपटू बर्नार इनोने याच पायडलांवर तूर द फ्रान्स जिंकली आणि शर्यतींतून चामडी पट्टे हळूहळू नाहीसे झाले.

लुकची पट्टी मोठी होती आणि बुटाच्या तळाबाहेर ठळक येत होती. शर्यत संपली की गाडीत बसणाऱ्याला तिचा त्रास नव्हता. पण जिना चढायचा असेल, टपरीवर चहाला उतरायचं असेल, फरशीवरून लिफ्टपर्यंत जायचं असेल, तर तो बूट निरुपयोगी. कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने खरं वळण आलं ते १९९० साली. जपानमधल्या ओसाकाजवळच्या साकाई शहरात १९२१ पासून सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने एसपीडी ही पद्धत बाजारात आणली, डोंगरातल्या सायकलींसाठी. डोंगरात चिखल लागतो, दगड लागतात, सायकल खांद्यावर घेऊन चढावं लागतं. म्हणजे सायकलवाल्याला चालावं लागणार हे गृहीत धरूनच ती बनली. क्लीट धातूची, अंगठ्याच्या दोन पेरांइतकी लहान, दोन बोल्टची, आणि बुटाच्या जाड तळात खोलगट केलेल्या जागेत बसणारी. चालताना जमिनीला टेकतं ते बुटाचं रबर.

डोंगरातल्या माणसासाठी केलेली ही सोय शहरातल्या माणसाला जशीच्या तशी लागू पडली. दुहेरी पायडलचं सगळं सौंदर्य मला या एका गोष्टीत दिसतं: सायकलवर बसलेला माणूस थोड्या वेळाने चालणार आहे, हे त्याच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे. सपाट बाजूला ते रबरी पायडलापासून माहीत होतं. क्लीटच्या बाजूला ते १९९० साली कळलं. ज्या पायडलांना तीन बोल्टची, बाहेर आलेली प्लास्टिकची क्लीट लागते, ती कितीही हलकी, महाग आणि देखणी असली तरी कामावर जाणाऱ्याने त्यांच्याकडे वळू नये असं मी म्हणतो, ते यासाठी.

आता क्लीटची बाजू जवळून पाहू. पुढे एक स्थिर आकडा आहे, मागे स्प्रिंगवरचा हलता जबडा. क्लीटचं नाक आधी पुढच्या आकड्याखाली सरकवायचं आणि मग तळवा खाली दाबायचा. मागचा जबडा क्षणभर मागे सरतो, क्लीट खाली बसते, जबडा परत येतो आणि खट् असा आवाज होतो. तो आवाज कानापेक्षा तळव्याला आधी कळतो. हा दाराच्या लॅचचा हिशोब आहे: लोटलं की आपोआप लागतं, उघडताना मात्र फिरवावं लागतं. इथे फिरवायची ती टाच. टाच बाहेरच्या दिशेने वळवली की क्लीटच्या तिरक्या कडा जबड्याला मागे रेटतात आणि पाय मोकळा होतो. सरळ वर ओढून पाय सुटत नाही. घाबरल्यावर माणूस नेमका वरच ओढतो. म्हणून नवशिके चालू सायकलवर क्वचित पडतात आणि सिग्नलला थांबता थांबता, वेग शून्य झाल्यावर, आडवे होतात.

यावर उपाय पायडलमध्येच आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. जबड्यामागे एक बारीक स्क्रू असतो. तीन मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून तो उणेच्या खुणेकडे फिरवला की स्प्रिंग सैल होते. प्रत्येक टप्प्याला हाताला टक् लागतं. असे दोनच स्क्रू आहेत, एकेका पायडलला एक, कारण क्लीटची बाजू एकच. दोन्हीकडे टप्पे मोजून सारखेच फिरवावेत, नाहीतर एक पाय सहज सुटतो आणि दुसरा अडतो. दुसरा उपाय क्लीटमध्ये आहे. शिमानोची एसएच५१ ही काळी क्लीट फक्त टाच बाजूला वळवून सुटते. एसएच५६ ही चंदेरी क्लीट अनेक दिशांनी सुटते, गडबडीत पाय तिरका वर ओढला तरीही. शर्यतीतला माणूस तिला नाकं मुरडेल. लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्याने डोळे मिटून चंदेरीच घ्यावी.

जबड्यात क्लीट बसल्यावरही पाय पूर्ण जखडलेला नसतो. सुमारे चार अंश इकडेतिकडे हलायची मुभा असते, आणि ही मुभा गुडघ्यासाठी आहे. चालताना आपले पंजे अगदी समांतर पडत नाहीत. कुणाचे बाहेर वळतात, कुणाचा एकच वळतो. क्लीट बुटाला लावताना तिचा कोन त्या सवयीप्रमाणे ठेवला नाही तर दोन तासांत गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखू लागतं, आणि माणूस दोष पायडलला देतो. सपाट बाजूवर हा प्रश्नच येत नाही. पाय हवा तसा पडतो, थकला की जागा बदलतो. लांबच्या सफरीत शेवटच्या चाळीस किलोमीटरला तळवे पेटल्यासारखे होतात, तेव्हा पायडल उलटून सपाट बाजूवर पाय टेकवण्याचं सुख मोठं आहे. दोन्ही बाजूंना जबडा असलेल्या पायडलवर ते मिळत नाही.

सपाट बाजू समजायला सोपी वाटते, पण खरेदीत फसगत होते ती तिथेच. एम३२४ची सपाट बाजू म्हणजे चौकटीच्या कडा आणि त्यांवरचे दाते. पाय कडांवर टेकतो, मध्ये पोकळी. जाड तळाच्या बुटाला ते चालतं. पातळ तळाच्या चपलेतून मात्र पंधरा मिनिटांत कडा जाणवू लागतात. काही दुहेरी पायडलांची सपाट बाजू गुळगुळीत असते. दुकानात ती फार सुबक दिसते आणि जूनच्या पहिल्या सरीत साबणासारखी होते. ईएच५००ची बैठक रुंद आहे, मध्ये किंचित खोलगट आहे आणि तिच्यात बारीक पिना बसतात. रबरी तळ त्या पिनांत रुततो आणि पावसातही पाय ढळत नाही. याची किंमतही मोजावी लागते. चामडी तळाच्या बुटांवर पिना ओरखडे काढतात, आणि सायकल ढकलत नेताना पायडल फिरून नडगीवर बसलं तर रक्त काढतात. पिना काढता येतात, त्यामुळे निर्णय आपल्या हातात राहतो. उन्हाळ्यात काढून पावसाळ्याआधी बसवणं हा शहाणपणा आहे.

खोलगटपणाचं कारणही लक्षात घेण्यासारखं आहे. मध्ये उंचवटा असलेल्या बैठकीवर तळवा पुढेमागे डुलतो आणि दर फेरीला पोटरीला सावरायचं काम पडतं. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची खोली असली की तळवा पुढच्या आणि मागच्या कडेवर एकदम टेकतो आणि पायडल पायाखाली आपोआप समतल राहतं. बोट फिरवून ही खोली कळते. दुकानात पायडल हातात घेतलं की वजनाच्या आधी हे पाहावं.

आसाबद्दल थोडक्यात, कारण तिथे दुहेरी पायडल इतर कुठल्याही पायडलासारखंच आहे. आटे जवळजवळ सगळीकडे ९/१६ इंची. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. दोन्ही आटे एकाच दिशेचे असले तर चालता चालता एका बाजूचं पायडल सैल होऊन गळून पडेल. राईट बंधूंनी विमानाच्या आधी सायकलीच्या दुकानात काम केलं, आणि १९०० साली त्यांनी आपोआप न सुटणारी, उजव्या-डाव्या आट्यांची पायडलं विकायला ठेवली. आजही पायडलच्या आसावर एल आणि आर कोरलेलं असतं. बसवण्याआधी ते वाचावं. चुकीचं पायडल जोराने पिळलं तर क्रँकचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि पायडलपेक्षा मोठा खर्च येतो.

क्लीट लावून माणूस पाय वर ओढताना जास्त जोर लावतो आणि त्यामुळे कमी श्रमात जातो, हे सायकलच्या दुकानात हमखास ऐकू येतं. ते खरं मानून दुहेरी पायडल घेऊ नये. २००७ साली कॉर्फ, रोमर, मेह्यू आणि मार्टिन यांच्या प्रयोगात सायकलपटूंना वेगवेगळ्या पद्धतींनी पायडल मारायला लावलं. मुद्दाम वर ओढणाऱ्यांचं बल दिशेच्या दृष्टीने सुधारलं, पण शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेच्या मानाने मिळणारं काम घटलं. सावकाश, बसून, एका चालीने जाताना पाय खाली दाबणंच स्वस्त पडतं. मग क्लीटचा उपयोग काय? पाय जागच्या जागी राहतो हा. ओल्या रस्त्यावर, खड्ड्यात, घाटात उभं राहून जोर लावताना, दमल्यावर लय बिघडू लागते तेव्हा पाय घसरत नाही आणि मन निर्धास्त असतं. एवढं पुरेसं आहे. सहा किलोमीटरच्या ऑफिसच्या वाटेवर मात्र याची गरज क्वचित पडते.

दुहेरी पायडलला पर्याय आहेत आणि ते मी नाकारत नाही. दोन्ही बाजूंना जबडा आणि भोवती चौकट, असं एक पायडल मिळतं. क्लीटवाल्याला ते फार सोयीचं, बाजू शोधावी लागत नाही. पण साध्या बुटाखाली जबडा उंचवट्यासारखा टोचतो आणि बूट त्याच्यावर घसरतो. जबड्यातच अडकवायची प्लास्टिकची सपाट फळी मिळते. ती रोज काढायची, कुठेतरी ठेवायची, आणि ऐन वेळी सापडत नाही. टो क्लिपची पट्ट्याशिवायची अर्धी आवृत्ती साध्या बुटासाठी चांगली आहे. मात्र बाजू उलटी असेल तर क्लिप खाली लोंबते आणि गतिरोधकाला घासते. क्रँक ब्रदर्सच्या डबल शॉटसारखी, एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला वेगळ्या पद्धतीचा जबडा असलेली पायडलंही आहेत. त्यांची क्लीट वेगळी लागते. शेजारच्या सायकलवाल्याकडे किंवा साताऱ्यातल्या दुकानात क्लीट मिळेल का, हा विचार करूनच पद्धत निवडावी, आणि त्या विचाराने एसपीडीच पुढे येते.

दुहेरी पायडलचा दोष एकच आहे, पण तो रोजचा आहे: निम्म्या वेळा नको ती बाजू वर असते. सुरुवातीला म्हटलं तसं चांगलं लटकणं तो दोष कमी करतं, संपवत नाही. यावर शहरात मला पटलेली रीत अशी. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, कडेचा कट्टा डावीकडे असतो, थांबताना डावाच पाय खाली येतो. तेव्हा गर्दीत क्लीटचे बूट घातलेले असले तरी उजवाच पाय जबड्यात अडकवावा आणि डावा सपाट बाजूवर मोकळा ठेवावा. सिग्नल सुटला की उजव्याने जोर लागतो, डावा नंतर सावकाश जागेवर येतो. हमरस्ता लागला, गर्दी मागे पडली, की डावाही अडकवावा. एकाच बुटात, एकाच सायकलवर, रस्ता बदलेल तसं पायाला बदलू देणारं दुसरं पायडल मला माहीत नाही.

रात्री कामावरून परतणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेली सायकल अंधारात चालवायची तर पायडलवर अंबर रंगाचे परावर्तक असणं कायद्याने बंधनकारक आहे. कारण साधं आहे. वर-खाली फिरणारे दोन ठिपके पाहिले की मागच्या गाडीवाल्याला समोर सायकल आहे हे तत्काळ समजतं. स्थिर दिव्यावरून ते इतक्या लवकर समजत नाही. जबड्याच्या पायडलांवर परावर्तकांना बहुधा जागाच नसते. काही दुहेरी पायडलांत, उदाहरणार्थ शिमानोच्या पीडी-टी८००० मध्ये, ते मुळातच बसवलेले आहेत. आपल्या बाह्यवळण रस्त्यांवर रात्री दहा वाजता सायकल चालवणाऱ्याला पिनांपेक्षा आणि वजनापेक्षा हे मोलाचं आहे, आणि विक्रेते त्याचा उल्लेखही करत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

बुटांबद्दल एवढंच की क्लीटचा बूट निवडताना दुकानात तो घालून दहा पावलं फरशीवर चालावं. क्लीट टक् टक् वाजत असेल तर खोलगट जागा पुरेशी खोल नाही. ऑफिसच्या ग्रॅनाइटवर हा बूट घसरेल आणि फरशीला चरेही पाडेल. कोकणात किंवा घाटमाथ्याच्या पावसात राहणाऱ्यांना ठाऊक असावं म्हणून सांगतो, क्लीट लावता येणारी सँडलही शिमानोने बनवली आहे. पाणी आत येतं आणि निघूनही जातं. बंद बुटात साचलेलं पाणी घेऊन दिवसभर कामावर बसण्यापेक्षा ती बरी.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. क्लीटचा एखादा बोल्ट सैल झाला की टाच वळवल्यावर बूट फिरतो आणि क्लीट जबड्यातच राहते. म्हणजे पाय सुटतच नाही. उभ्या सायकलवर अडकलेल्या माणसाला तेव्हा बुटातून पाय काढण्याखेरीज मार्ग उरत नाही. बोल्टच्या डोक्यातली खाच चिखलाने भरते, खाऱ्या हवेत गंजते आणि मग अ‍ॅलन की बसत नाही. लावतानाच बोल्टला ग्रीस लावावं आणि ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे चार मिलिमीटरच्या छोट्या कीने मनगटाचा पुरता जोर लावून, तो आवळावा.

रोजचा रस्ता आठ-दहा किलोमीटरच्या आतला असेल आणि सुट्टीलाही लांब जायचं मनात नसेल, तर रुंद, खोलगट, पिना असलेलं चांगलं सपाट पायडल घ्या. दुहेरीचा खर्च तुमच्यासाठी नाही. तीच सायकल आठवडाभर कामाला आणि रविवारी घाटात नेत असाल तर दुहेरीच घ्या, एसपीडीचंच घ्या, आणि पैसे सपाट बाजूच्या बैठकीवर खर्च करा, कारण तुमचे बहुतेक किलोमीटर तिच्यावरच होणार आहेत. दुकानात ते फिरवून सोडल्याशिवाय आणि सपाट बाजूवर तुमचाच रोजचा बूट टेकवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. घरी आणल्यावर आट्यांना ग्रीस लावून बसवा, स्प्रिंग सगळ्यात सैल टप्प्यावर ठेवा, क्लीटची सवय मोकळ्या मैदानावर भिंतीचा आधार घेऊन करा, आणि क्लीटचे बोल्ट महिन्यातून एकदा न चुकता तपासा.